पात्रांना पास-नापास करणारे आपण

मराठी साहित्य रडकं आहे, असा आरोप ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा होतो. आरोप करणाऱ्यांचं म्हणणं साधं असतं. संकटात सापडलेली आमच्या कथा-कादंबऱ्यांतली माणसं नुसती सोसतात, कुढतात, खचतात आणि शेवटी मरतात. परिस्थितीवर मात करणारी, वाचणाऱ्याला उमेद देणारी पात्रं आहेत कुठं? याला उत्तर देणारेही तयारच बसलेले असतात. दुःख हेच खरं साहित्य, बाकी सगळं रंजन, असं ते ठणकावून सांगतात. मग दोन्हीकडून याद्या निघतात. एकानं अण्णा भाऊ साठ्यांचा झुंजार फकिरा पुढं केला की दुसरा हरि नारायण आपट्यांची सोसणारी विधवा यमू पुढं करतो. अलीकडे या वादात तिसरा गट शिरला आहे, तो पात्रांचं निदान करतो. 'कोसला' कादंबरीतल्या पांडुरंग सांगवीकरला नैराश्य होतं, 'नटसम्राट' नाटकातल्या गणपतराव बेलवलकरांना वास्तव स्वीकारता आलं नाही, 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाईंनी वेळीच समुपदेशकाकडे जायला हवं होतं. गंमत अशी की एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या तिन्ही गटांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. पात्र म्हणजे परीक्षेला बसलेला उमेदवार, त्याच्यावरचं संकट म्हणजे प्रश्नपत्रिका आणि आपण परीक्षक. वाद फक्त गुण किती द्यायचे एवढ्यापुरता.

हे मोजमापच मला मान्य नाही. साहित्यातलं माणूस किती खंबीर निघालं, हा प्रश्न वाचकाला फार लवकर समाधान देतो आणि पुस्तकात जे घडतंय त्यावरून नजर काढून घेतो. विचारायला हवं ते वेगळंच. टिकून राहायची कोणती साधनं या माणसाच्या हाताशी होती? ती त्याला कुणी मिळू दिली, कुणी हिरावली, आणि ती वापरायची किंमत कुणाच्या खिशातून गेली? हे न विचारता दिलेला 'खंबीर' किंवा 'दुबळा' हा शेरा बहुतेक वेळा आपला नसतोच. पुस्तकातल्या सासऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, पंचांनी तो आधीच देऊन ठेवलेला असतो. आपण फक्त त्याखाली सही करतो.

खंबीरपणाचा जगन्मान्य नमुना म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ सालची. जहाज फुटल्यावर निर्जन बेटावर सापडलेला हा गडी तिथं २८ वर्षं काढतो. खांबावर खाचा पाडून दिवस मोजतो, धान्य पिकवतो, बोकडं माणसाळवतो, मडकी भाजतो. एकदा तर तो आपल्या दैवाचा जमाखर्च मांडतो. एका रकान्यात वाईट, दुसऱ्यात चांगलं. निर्जन बेटावर अडकलो हे वाईट. सोबत्यांसारखा बुडून मेलो नाही हे चांगलं. 'सकारात्मक विचार' शिकवणाऱ्या आजच्या पुस्तकांतल्या अर्ध्याअधिक युक्त्या या एका पानावर सापडतील. पण हा जमाखर्च मांडायला लागणारे कागद, लेखणी आणि शाई आली कुठून? फुटलेल्या जहाजातून. तराफ्यावरून त्यानं खेपा घातल्या आणि धान्य, हत्यारं, सुताराची अवजारं, बंदुका, दारूगोळा, कपडे, रम, बायबल असं सगळं किनाऱ्यावर आणलं. दोन मांजरीसुद्धा आणल्या, कुत्रा तर आपणहून पोहत आला. आणि तो निघाला होता कशासाठी? ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला. पुढं त्याला फ्रायडे हा सोबती मिळतो, त्याला तो सुरुवातीलाच शिकवतो की मला 'मालक' म्हणायचं. क्रूसोच्या चिकाटीला मी कमी लेखत नाही. पण ही चिकाटी एका आख्ख्या जहाजाच्या भांडवलावर उभी आहे, हे नजरेआड करून त्याला माणसाच्या आंतरिक शक्तीचा पुतळा बनवणं मात्र खोटेपणाचं आहे. शिवाय त्याच्या बेटावर एक गोष्ट अजिबात नाही. लोक. त्याच्यावर भुकेचं संकट आहे, वादळाचं आहे, नरभक्षकांच्या भीतीचं आहे, पण त्यानं कसं वागायचं हे ठरवणारं एकही माणूस तिथं नाही.

आता यमूकडे येऊ. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. यमूचा एकटेपणा भरल्या घरातला आहे. तिच्याभोवती माणसंच माणसं आहेत आणि तीच तिची अडचण आहे. नवऱ्याबरोबर मुंबईत घालवलेला थोडासा काळ सोडला, तर तिनं कुठं बसावं, काय वाचावं, कुणासमोर बोलावं हे दुसरं कुणीतरी ठरवतं. नवरा गेल्यावर तिच्या डोक्यावर केस राहावेत की नाहीत, हेही दुसरंच कुणीतरी ठरवतं आणि जबरदस्तीनं अमलात आणतं. क्रूसोकडे जहाज होतं. हिच्याकडे स्वतःचं डोकंसुद्धा नव्हतं. या दोघांना एकाच कसोटीवर घासून 'तो लढला, ती रडली' असा निकाल देणारा वाचक नेमकं काय मोजत असतो?

आणि ती नुसती रडली, हे तरी खरं आहे का? ही कादंबरी प्रथमपुरुषी आहे, आपण वाचतो ते यमूनं स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र आहे, ही तिची मूळ मांडणीच चर्चेत हरवते. लिहिणारा हात प्रत्यक्षात आपट्यांचा, एका पुरुषाचा, हे खरंच आहे. तरी कथेच्या आत लेखणी यमूच्या हातात आहे. बाईनं लिहायला-वाचायला शिकणं हाच घरातल्या कटकटीचा विषय असण्याच्या काळात एक विधवा आपल्याला काय काय झालं ते ओळीनं, नावानिशी, कुणाचीही भीड न ठेवता लिहून काढते. जगायची बाकी सगळी साधनं काढून घेतल्यावर उरलेलं हे एक साधन तिनं पुरेपूर वापरलं. पण आपल्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही. तिथं रकाने दोनच, बंड केलं की सोसलं.

'तिनं घर सोडलं का नाही?' हा प्रश्न आजच्या वाचकाच्या तोंडी सहज येतो. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण घर सोडणं म्हणजे त्या काळात काय होतं, याचा खराखुरा दाखला कादंबरीच्या थोडं आधी मुंबईतच घडला होता. लहानपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, पुढं त्या इंग्लंडमध्ये वैद्यक शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. विलक्षण धैर्याची बाई, यात वादच नाही. पण त्यांच्या पाठीशी उभे राहणारे सावत्र वडील सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर होते, घरात इंग्रजी शिकवणारी माणसं येत होती, बाजू मांडायला वृत्तपत्रं होती, इथं आणि इंग्लंडमध्ये पैसे उभे करणारे हितचिंतक होते. एवढं सगळं असूनही किंमत होती तुरुंग. मग यातलं काहीच नसलेली यमू 'बाहेर का पडली नाही' याचा जबाब आपण तिच्याकडे मागायचा की तिला दारं बंद करणाऱ्यांकडे?

इथं विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मला खुल्या मनानं मान्य करायला हवा, कारण तो फुटकळ नाही. वाचक पात्रांकडून जगणं शिकतो. ते शिकणं कधी तारक असतं, कधी मारक. जर्मन लेखक ग्योथच्या १७७४ मधल्या कादंबरीचा नायक वेर्थर यानं प्रेमभंगातून स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि युरोपातले तरुण त्याच्यासारखा निळा कोट नि पिवळं जाकीट घालू लागले. त्याचं अनुकरण करून तरुण जीव देतात अशी ओरड झाली आणि लायप्झिगमध्ये पुस्तकावर बंदी आली. ही भीती फुगवलेली असेल, पण पोकळ नव्हती. खुद्द ग्योथलाच १७७५ च्या आवृत्तीत वेर्थरच्या तोंडून वाचकाला बजावावं लागलं की मर्दासारखा वाग, माझ्या मागं येऊ नकोस. तेव्हा पुस्तकातलं खचणं पुस्तकातच राहतं, असं मी म्हणणार नाही. संकटातल्या एखाद्या वाचकाला उभं राहणारं पात्र आधार देत असेल तर त्याची थट्टा करण्यात काय शहाणपण?

पण या मुद्द्यावरून 'म्हणून लेखकांनी उमेद देणारी पात्रं लिहावीत' इथवर जी उडी मारली जाते, ती चुकीची आहे आणि ती पूर्वी मारून झालेली आहे. शेक्सपिअरचा 'किंग लिअर' प्रेक्षकांना सोसवत नाही, म्हणून नाहम टेट या गृहस्थांनी १६८१ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती तयार केली. तिच्यात लिअरची मुलगी कॉर्डेलिया मरत नाही, तिचं एडगरशी लग्न होतं आणि म्हाताऱ्या लिअरला राज्य परत मिळतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर या गोड लिअरनंच दीडशे वर्षं राज्य केलं. शेक्सपिअरचं मूळ नाटक १८३८ मध्ये रंगमंचावर परतलं. सॅम्युअल जॉन्सनसारख्या तालेवार समीक्षकानंही गोड शेवटाची पाठराखण केली होती. या दीडशे वर्षांत इंग्लंडातल्या म्हाताऱ्या बापांचं दुःख हलकं झालं असेल काय? हलकं झालं ते प्रेक्षकांचं. मात करणाऱ्या पात्राची मागणी नेहमी पीडिताच्या नावानं केली जाते. तिचा लाभ मात्र बघणाऱ्याला होतो, कारण पात्र स्वतःच उठून उभं राहिलं की त्याला पाडलं कुणी हे विचारायची गरज उरत नाही.

नोराचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मध्ये १८७९ साली नोरा नवरा, मुलं, घर सोडून दार लोटून निघून जाते. आज तिला खंबीर नायिकांच्या यादीत पहिलं स्थान मिळतं. पण त्या वेळी जर्मनीतली नावाजलेली अभिनेत्री हेडविग नीमान-राबे हिनं तो शेवट करायलाच नकार दिला. आई आपली मुलं टाकून जाऊच शकत नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेननं नाइलाजानं वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथंच कोसळते, घरी राहते. इब्सेन स्वतः या शेवटाला रानटी अत्याचार म्हणत असे. म्हणजे १८८० च्या गुणपत्रिकेप्रमाणे घरी थांबणारी नोरा खंबीर आणि जाणारी कर्तव्यच्युत; आजच्या गुणपत्रिकेप्रमाणे बरोबर उलट. परीक्षकांना प्रत्येक पिढीत तेवढाच आत्मविश्वास. ज्या कसोटीचा निकाल परीक्षकाच्या सोयीनं असा फिरतो, तिला आपण माणसाच्या मनाची ताकद मोजणारी म्हणायचं?

दुसरा मुद्दाही मान्य. सोसण्याचं आपल्याकडे कौतुक झालं, फार झालं. आईनं उपाशी राहायचं, बायकोनं गप्प राहायचं, सुनेनं रात्री उशीत रडायचं आणि सकाळी हसायचं. लेखकानं यावर सोनेरी वर्ख लावायचा. त्या वर्खावर ज्यांनी बोट ठेवलं त्यांचे आपण ऋणी आहोत. मात्र वर्ख पुष्कळदा लेखकापेक्षा वाचकांच्या स्मरणानं जास्त चढवलेला असतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घ्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत ही आई म्हणजे माया, संस्कार आणि डोळ्यांतलं पाणी. पुस्तकात मात्र ती ओटीवर वसुलीला आलेल्या सावकाराच्या माणसाचे अपमानकारक शब्द ऐकून वाघिणीसारखी बाहेर येते आणि त्याला खडसावते. तो संताप आपण विसरलो, कारण आपल्याला हव्या असलेल्या आईच्या चित्रात तो बसत नाही. रडकेपणाचा आळ पुस्तकावर घालण्याआधी आपण त्यातलं काय गाळून लक्षात ठेवलं, तेही तपासायला नको?

सगळ्यांत अवघड आक्षेप तिसरा. तो असा, की सगळं परिस्थितीच्या माथी मारलं तर माणूस उरतो कुठं? एकाच परिस्थितीत दोन माणसं वेगळी वागतात ना? मग त्या फरकाला आपण काय म्हणायचं? विजय तेंडुलकरांचं १९७२ मधलं 'सखाराम बाइंडर' जणू हाच प्रश्न विचारायला लिहिलंय. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्यांना सोडून आलेल्या बायका सखाराम आपल्या अटींवर घरात ठेवतो. छप्पर एक, पुरुष एक, मार एकच. लक्ष्मी देवाधर्माची, सोशिक. त्या घरात बोलायला कुणी नाही म्हणून ती मुंगळ्याशी बोलते, त्याला खाऊ घालते, त्याच्याशी बोलताना हसते. चंपा फौजदार नवऱ्याला लाथाडून आलेली, तोंडाची फटकळ. सखारामच्या शरीराची भूक सोसायची तर शुद्धीवर राहून चालणार नाही, म्हणून ती दारू पिते. उमेदवादी परीक्षक इथं गोंधळतो. चंपा बंडखोर, पण पिते. लक्ष्मी शालीन, पण मुंगळ्याशी बोलते, म्हणजे बहुधा डोक्यावर परिणाम झालेला. गुण कुणाला जास्त?

माझं उत्तर असं की मुंगळा आणि दारू यांना गुण द्यायचेच नाहीत. दोन्ही एकाच जाचातून श्वास घेण्यापुरत्या पाडलेल्या फटी आहेत. कुणाला कोणती फट सापडली, हे तिच्या घडणीवर, सवयीवर, श्रद्धेवर अवलंबून होतं. पण याचा अर्थ लक्ष्मीनं पुढं जे केलं त्याबद्दल मी गप्प बसणार, असा मुळीच नाही. हाकलून दिल्यावर परत आलेल्या लक्ष्मीला त्या घरात जागा मिळते ती चंपामुळं. तीच लक्ष्मी चंपाचं सखारामचा मित्र दाऊद याच्याशी असलेलं प्रकरण सखारामच्या कानावर घालते, तो चंपाचा गळा दाबतो आणि प्रेत पुरायला लक्ष्मी धीर देते. तिथं निवाडा करावा आणि कडक करावा. माणसानं दुसऱ्या माणसाशी काय केलं, हा नीतीचा प्रश्न आहे आणि परिस्थितीचं कारण त्यातून कुणालाही पूर्ण सोडवत नाही. माणसानं स्वतः कसा श्वास चालू ठेवला, हा नीतीचा प्रश्न नाही. 'खंबीर' आणि 'दुबळी' हे शब्द या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. चारचौघांच्या कसोटीवर लक्ष्मी उत्तीर्ण होते, शेवटपर्यंत टिकते, परंपरेच्या सगळ्या अपेक्षा पुऱ्या करते. आणि तीच खुनाला हातभार लावते. टिकून राहणं हाच सद्गुण मानणाऱ्यांनी या नाटकाचं काय करायचं ते मला एकदा समजावून सांगावं.

वाचकानं परीक्षक होण्यातला धोका तेंडुलकरांनीच आणखी उघडपणे दाखवला होता. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. हौशी नटांची टोळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडते आणि बघता बघता तो खेळ लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या खासगी आयुष्याची खरीखुरी चिरफाड होतो. सुरुवातीला ही बाई किती हसते, गाते, सोबत्यांच्या नकला करते! तिचं ते हसणं हेच तिचं चिलखत आहे, हे हळूहळू उमगतं. शेवटी तिला बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. तिचं लांबलचक स्वगत येतं, पण बाकी सगळे गोठलेले. प्रेक्षकाशिवाय ते कुणीच ऐकत नाही. ज्या प्राध्यापक दामल्यांपासून तिला दिवस गेलेत, ते या खटल्यात हजरच नाहीत. आता या नाटकावर चर्चा करताना 'बेणारे खंबीर होती की शेवटी कोलमडली?' असा विषय ठेवला जातो तेव्हा काय होतं? त्या खेळात न्यायाधीश झालेल्या काशीकरांचं कोर्ट पुन्हा भरतं. आरोपी तीच, दामले गैरहजरच, फक्त आरोप बदललेला. आधी भ्रूणहत्येचा होता, आता मन पुरेसं घट्ट नसल्याचा.

'कोसला'बद्दल बोलायलाच हवं, कारण एकटेपणाचा विषय निघाला की मराठी वाचक तिथंच जातो. १९६३ मध्ये नेमाड्यांनी पांडुरंग सांगवीकर उभा केला आणि त्याच्या तुटलेपणात दोन-तीन पिढ्यांतल्या तरुणांनी स्वतःला पाहिलं. पांडुरंग संकटाशी झगडतो तो थट्टेच्या, तिरकस, स्वतःचीच टर उडवणाऱ्या भाषेनं. धाकटी बहीण मनी जाते तेव्हा ही थट्टा पुरी पडत नाही, आणि कादंबरीतलं ते सर्वांत उघडंवाघडं ठिकाण ठरतं. ही कादंबरी मला फार मोठी वाटते. पण तिच्यावरच्या चर्चेत एक गोष्ट खटकते. पुरुष खोलीत एकटा पडून राहिला की ते अस्तित्वाचं चिंतन ठरतं. बाई तशीच पडून राहिली की ती आजारी किंवा आळशी. पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परत येऊ शकतो, कारण परत यायला घर आहे, शेती आहे, ज्याच्याशी भांडता येईल असा कमावता बाप आहे. परत येण्याची ही सोय हे त्याचं जहाज आहे. सोय असूनही माणूस आतून रिकामा होऊ शकतो, हेच नेमाडे दाखवतात. त्यामुळं त्याच्या दुःखाची किंमत मी कमी करत नाही. पण त्याच्या एकटेपणाला तत्त्वज्ञान म्हणणाऱ्यांनी यमूच्या एकटेपणाला करुणरस म्हणून बाजूला सारू नये, एवढं तरी मागायला हरकत नसावी.

राहिला फकिरा, उमेदवाद्यांचा हुकमी एक्का. अण्णा भाऊ साठ्यांची कादंबरी १९५९ सालची. दुष्काळात माणसं भुकेनं मरू लागल्यावर फकिरा धान्य लुटतो आणि वस्तीला जगवतो. धाडस, हिंमत, सगळं आहे. पण ही कादंबरी 'एका शूराची कथा' म्हणून वाचली की तिचा अर्धा अर्थ सांडतो. कारण शेवटी फकिरा स्वतःहून सरकारच्या हवाली होतो. इंग्रजांनी त्याच्या माणसांना, बायकापोरांना धरून ठेवलेलं असतं. त्यांची सुटका व्हावी म्हणून तो हत्यार खाली ठेवतो. 'शेवटपर्यंत लढला की नाही' या मोजपट्टीवर फकिरा नापास होतो, हे त्याला पुढं करणाऱ्यांच्या ध्यानात कसं येत नाही? फकिराची झुंज एकट्याची कधीच नव्हती. वस्तीसाठी लूट, वस्तीसाठी शरणागती. संकटातून तरून जाणं ही एकेका माणसाची खासगी कामगिरी आहे, ही कल्पनाच अण्णा भाऊंच्या जगाला परकी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतही तेच. एकत्र येऊन तालीम बांधणारं धनगरांचं गाव पाऊस पडत नाही म्हणून मेंढरं घेऊन जगायला निघून जातं. ना आक्रोश, ना प्रतिज्ञा. ते पळाले म्हणायचं की टिकले? मेंढरं जगवायची तर चारा-पाणी असेल तिकडं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. खंबीरपणाचा प्रश्न त्यांच्यापैकी एकाच्याही मनात येत नाही. तो येतो गावाबाहेरच्या, पोट भरलेल्या वाचकाच्या.

आणि रडकेपणाच्या तक्रारीबद्दल शेवटची शंका. ही तक्रार खरोखर रडण्याबद्दल असते का? १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुली शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, कमावत्या. घराला त्यांचा पगार हवा असतो म्हणून त्यांची लग्नं लांबतात, आणि त्यांनाही शरीर आहे, मन आहे, हे कुणी बोलत नाही. त्या मुली हंबरडा फोडत नाहीत, जीव देत नाहीत. आपल्याला काय वाटतं, ते सरळ सांगतात. उमेदवाद्यांच्या हिशेबानं या पात्रांचं स्वागत व्हायला हवं होतं. झाला तो गदारोळ. केशवपनानंतर खंगत जाणाऱ्या यमूसाठी ज्या समाजानं डोळे पुसले, त्याच समाजाला स्वतःच्या इच्छेबद्दल कोरड्या डोळ्यांनी बोलणारी मुलगी अश्लील वाटली. टोपणनावामागं कोण दडलंय, बाई आहे की पुरुष, याचा शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांनी ते नाव का घेतलं असेल, हे मग वेगळं सांगायला नको. न रडणारी पात्रं हवीत म्हणणाऱ्यांनी मालतीबाईंच्या या मुलींना काय गुण दिले, ते आधी सांगावं. मग यमूच्या रडण्याबद्दल बोलू.